मलिक अंबरची तसबीर : दरबारात न गेलेला माणूस

शाहजहानसाठी बांधलेल्या एका मुरक्क्यात, म्हणजे निवडक चित्रांच्या संग्रहात, मलिक अंबरची दोन चित्रे होती. एकात त्याचे फक्त मुंडके आहे. ते भाल्याच्या टोकावर खोवलेले आहे आणि बादशहा जहांगीर त्याच्या तोंडात बाण मारतो आहे. दुसऱ्यात तो अख्खा आहे, स्वतःच्या पायांवर उभा, पांढऱ्या जाम्यात, बाजूने दिसणारा. पहिले चित्र अबुल हसनचे, दुसरे हाशिमचे. हा संग्रह पुढे लॉर्ड मिंटोच्या घराण्याकडे गेला, म्हणून अभ्यासक त्याला मिंटो संग्रह म्हणतात. १९२५ साली तो विकायला निघाला आणि फुटला. काही पाने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने घेतली, उरलेली चेस्टर बीटी या संग्राहकाने. बीटींचा संग्रह आता डब्लिनला आहे. त्यामुळे मुंडके डब्लिनला आणि माणूस लंडनला, अशी आजची स्थिती आहे.

या लेखात मला मुख्यतः दुसऱ्या चित्राबद्दल बोलायचे आहे. पण पहिल्याला बाजूला ठेवून दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही, असे माझे मत आहे. आजवर बहुतेकांनी ती एकमेकांपासून तोडूनच पाहिली. मुंडक्याचे चित्र आले की जहांगीरच्या द्वेषाची चर्चा होते. उभ्या माणसाचे चित्र आले की मोगलांनी शत्रूचाही कसा मान राखला, हे सांगितले जाते. एक द्वेषाचे आणि एक आदराचे, अशी सोयीची वाटणी करून टाकली की काम संपते. मला ही वाटणी पटत नाही. माझ्या मते दोन्ही चित्रांच्या मुळाशी एकच गरज आहे, आणि ती गरज समजली की हाशिमच्या चित्रातला म्हातारा निराळा दिसू लागतो.

मी पेठला राहतो. कलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही आणि ही दोन्ही मूळ पाने प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत. संग्रहालयांनी खुली केलेली मोठी छायाचित्रे मी नाशिकला जाऊन कागदावर छापून घेतली आणि काही वर्षे भिंतीवर लावून पाहत आलो. लघुचित्र हे हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहण्यासाठी असते. भिंतीवर मोठे करून लावले की त्याचा घाट बिघडतो, हे खरे. पण त्याचा एक फायदाही झाला, तो पुढे सांगतो.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात. मराठी वाचकाला मलिक अंबर शहाजीराजांच्या संदर्भात माहीत असतो. भातवडीची लढाई १६२४ची, आणि तीत शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले, एवढे शाळेत शिकलेले असते. त्याआधीची त्याची पन्नास-पंचावन्न वर्षे सहसा कोणी सांगत नाही. जन्म १५४८च्या सुमाराचा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत बगदादला पोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव ठेवले. आपल्या कानाला अंबर म्हणजे आकाश. पण हा अंबर आकाशाचा नव्हे. समुद्रात सापडणाऱ्या एका काळपट सुगंधी पदार्थाचे ते अरबी नाव. गुलामांना सुगंधी वस्तूंची आणि रत्नांची नावे द्यायची त्या काळची रीत होती. काफूर, याकूत ही नावे त्याच पठडीतली. बाजारातल्या मालाचे नाव माणसाला चिकटवले, आणि त्या माणसाने ते नाव असे चालवले की पुढे मराठी दप्तरांत जमिनीच्या धाऱ्याला ‘मलिकंबरी’ म्हणू लागले.

त्याला विकत घेणारा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हाही एकेकाळचा हबशी गुलामच. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरकरांकडे राहिला, परत आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा निजामशाही संपली असेच सगळ्यांनी धरले. अंबरने परांड्याला दुसऱ्या मूर्तझाला गादीवर बसवले आणि संपलेले राज्य आणखी पाव शतक चालवून दाखवले. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीच्या पुढे होते. म्हणजे ज्या कर्तृत्वासाठी आपण त्याला ओळखतो ते सगळे उतारवयातले आहे. आमच्या भागाचा त्याच्याशी संबंध आला तो याच सुमारास. दौलताबादेपासून उत्तरेला गुजरातच्या सरहद्दीपर्यंतचा मुलूख राजू दख्खनी या त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात होता, आणि पेठ त्याच पट्ट्यात येते. १६०७च्या सुमारास अंबरने राजूचा बंदोबस्त केला. १६१०मध्ये खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. तिथे पाण्याची नहर आणली, भडकल दरवाजा बांधला. त्याने मोजणी आणि प्रतवारी करून बसवलेला सारा नाशिकच्या सपाटीवर रुजला. आमच्या डोंगरपट्ट्यात मात्र मोजणी कुठे करणार! इथे पुढेही औतावरच, म्हणजे नांगर किती चालतात यावरच, आकारणी होत राहिली.

आता अबुल हसनचे चित्र. ते साधारण १६१६चे मानतात. त्याच वर्षी रोशनगावला अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. पण अंबर हाती लागला नाही. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. वर आकाशातून पंख असलेली मुले त्याला शस्त्रे देताहेत; ही मुले युरोपातून आलेल्या छापील चित्रांतून मोगल चित्रशाळेत शिरली. समोर भाला, भाल्यावर अंबरचे काळे मुंडके, मुंडक्यावर घुबड. आणखी एक घुबड मेलेले. चित्रावरच्या फार्सी मजकुरात काळा रंग, रात्र आणि घुबड यांचा मेळ घातला आहे. जहांगीरच्या आत्मचरित्रातही अंबरचे नाव शिवीशिवाय क्वचितच येते, आणि त्यातल्या बऱ्याच शिव्या त्याच्या रंगावर बेतलेल्या आहेत. दहा वर्षे सरदार पाठवून, पैसा ओतून न आटोपलेला माणूस बादशहाने कागदावर आटोपून घेतला, असे या चित्राबद्दल नेहमी म्हणतात. ते बरोबरच आहे.

पण माझी नजर दुसरीकडे जाते. आमच्याकडे पेठ-सुरगाण्यापासून जव्हार-मोखाड्यापर्यंत बोहाडा होतो. रात्रभर सोंगे निघतात. देवांचे मुखवटे, राक्षसांचे मुखवटे. राक्षसाचे डोळे वटारलेले, दात बाहेर, रंग भडक. सगळ्या गावाला माहीत असते की मुखवट्याखाली आपल्यातलाच कुणीतरी आहे आणि पहाटे तो चहा पिताना दिसणार आहे. राक्षस दरवर्षी हरतो आणि दरवर्षी परत येतो. लहानपणापासून हे बघितलेल्या माणसाला अबुल हसनचे चित्र बघताना पहिला प्रश्न पडतो तो असा की या मुंडक्याला मुखवटा का केले नाही? द्वेषाचेच चित्र काढायचे तर अक्राळविक्राळ तोंड काढणे सोपे होते. बैल, मासा, घुबडे आणि आकाशातली मुले असताना तिथे एक राक्षस सहज खपला असता. अबुल हसनने तसे केलेले नाही. भाल्यावर जो आहे तो माणूस आहे, ठरावीक माणूस आहे, आणि तो अंबर म्हणून ओळखू यावा अशी धडपड केलेली आहे.

का? कारण जहांगीरला चेहरा हवा होता. त्याने अंबरला आयुष्यात कधी पाहिले नाही. न पाहिलेल्या माणसांचे चेहरे मिळवण्याचा त्याला ध्यास होता. १६१३ साली इराणला वकिलात पाठवली तेव्हा तिच्याबरोबर बिशनदास नावाचा चित्रकार दिला, शाह अब्बासचा चेहरा उतरवून आणण्यासाठी. मग अबुल हसननेच जहांगीर आणि शाह अब्बास गळाभेट घेताहेत असे चित्र काढले. ती भेटही कधी झाली नाही. एका चित्रात न भेटलेल्याला मिठी, दुसऱ्यात न भेटलेल्याला बाण. दोन्हीकडे चेहरा खरा हवा. मिठीचेही समाधान त्याशिवाय नाही आणि बाणाचेही नाही. हाच जहांगीर १६१८मध्ये अफू आणि दारूने खंगलेल्या इनायतखानाला शेवटच्या दिवसांत समोर आणवतो, बरगड्या मोजता येतील असे त्याचे चित्र काढायला लावतो. चेहरा कागदावर आला की माणूस आपल्या ताब्यात आला, अशी काहीशी त्याची समजूत असावी. वृत्ती संग्राहकाची आहे. पक्षी, फुले, झेब्रा, मरणारा सरदार, हाती न लागलेला शत्रू, सगळे एकाच हावेने गोळा केलेले.

हे लक्षात घेऊन आपण हाशिमच्या चित्राकडे येऊ.

हाशिम हा मूळचा दख्खनमधला आणि नंतर मोगलांच्या चित्रशाळेत गेलेला, असे कलेतिहासकार मानतात. दख्खनी माणसांच्या तसबिरी हे त्याचे खास काम होते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची त्याने काढलेली तसबीर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मलिक अंबरचे चित्र १६२०च्या आसपासचे. म्हणजे चित्रातला माणूस सत्तरीच्या घरातला आहे.

पहिल्या नजरेला चित्रात काहीच घडत नाही. अंगाने भरलेला, सावळ्याहून गडद रंगाचा माणूस, डोक्याला पागोटे, अंगात पांढरा जामा, जवळ शस्त्र. आजूबाजूला घोडा नाही, हत्ती नाही, चाकर नाहीत. डोक्यामागे प्रभावळ नाही. प्रभावळ मोगल चित्रांत बादशहाच्या वाट्याची, तेव्हा ती इथे नसणार हे उघड आहे. शिवाय अंबर स्वतः कधी गादीवर बसलाही नाही. सगळा कारभार त्याच्या हातात होता, गादीवरच्या निजामशहाला त्याने आपली मुलगी दिली होती, तरी कागदोपत्री तो चाकरच राहिला.

म्हातारपण कसे दाखवले आहे, हे मी खूप वेळ पाहत होतो. जहांगीरच्या काळातले चित्रकार म्हातारा माणूस फार हौसेने काढत. पाठीचा बाक, पांढरी दाढी, सुरकुतलेला गळा, जपमाळ. त्यात एक धर्मभावना असे, जग सोडायला निघालेल्याबद्दलचा आदर असे. हाशिमने तसे काही केलेले नाही. त्याचा अंबर कुठेही निघालेला नाही. वय दिसते ते शरीराच्या जडपणात. वर्षानुवर्षे घोड्यावर काढलेल्या माणसाचे शरीर जमिनीवर उभे राहिले की जसे थोडे अवघडते, तसे ते मला वाटते. अर्थात इथे मी चित्रात माझ्या पदरचे घालतो आहे, असे कुणी म्हणाले तर मी फार भांडणार नाही.

रंगाबद्दल मात्र भांडेन. अबुल हसनच्या चित्रात काळा रंग हा एक अर्थ आहे. तो रात्रीकडे नेतो, घुबडाकडे नेतो, अपशकुनाकडे नेतो. हाशिमच्या चित्रात काळा रंग हा त्या माणसाच्या कातडीचा रंग आहे, त्यापलीकडे त्याला काही सांगायचे नाही. पांढऱ्या जाम्याशेजारी तो ठेवला आहे, कारण दख्खनमध्ये प्रतिष्ठित माणूस पांढरी मलमल नेसत असे आणि हा माणूस काळा होता. एवढेच. पण ‘एवढेच’ करून दाखवणे किती कठीण होते ते शेजारच्या पानावरून कळते. बादशहा ज्या रंगावर शिव्या रचतो, तो रंग त्याच्याच पदरच्या चित्रकाराने शिवीतून सोडवून पुन्हा कातडीवर आणून ठेवला आहे. हाशिमने हे मुद्दाम केले की हात दख्खनी वळणाचा होता म्हणून झाले, या वादात मला पडायचे नाही. दख्खनच्या दरबारांत हबशी सरदार रोज समोर दिसत. अहमदनगर आणि विजापूर दोन्हीकडे ते पेशवे झाले, किल्लेदार झाले. त्या डोळ्याला त्यांच्या रंगाचे नवल नव्हते.

आता भिंतीवरच्या चित्राचा फायदा. आमच्याकडे खालच्या पाड्यावरचे एक कोकणा म्हातारबाबा अधूनमधून येतात. वय ऐंशीच्या आसपास. उभा जन्म वनखात्याच्या आणि महसुलाच्या कचेऱ्यांत दाखल्यासाठी, दाव्यासाठी चकरा मारण्यात गेला. ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मी विचारले, “बाबा, कोण असंल हा?”

“कोण ते काय ठाव? पण साहेबापुढं उभा हाये.”

“साहेब कुठे दिसतो चित्रात?”

“दिसत नाही. पण तो समोर हाये. नुसता उभा माणूस असा उभा राहत नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “भ्यालेला नाही मात्र.”

मोगल तसबिरींवरचे जे काही मी वाचले आहे त्यात हा मुद्दा असाच सरळ मांडलेला मला आढळला नव्हता, आणि तो अगदी बरोबर आहे. मोगल मुरक्क्यांतली उभी तसबीर ही दरबारातली उभी राहण्याची रीत आहे. दरबारात बादशहा बसतो, बाकीचे उभे राहतात, ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेल्या जागी. आपल्या राज्यातल्या सगळ्या सरदारांच्या तसबिरी काढवून त्यांचा मोठा संग्रह करावा, असा हुकूम अकबराने दिला होता हे अबुल फजलने नोंदवले आहे. संग्रहाचे पान उलटणारा बादशहा हा त्या चित्रांतला न दिसणारा साहेब. पानागणिक एकेक सरदार त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. चेहरा बाजूने काढायचा, म्हणजे चित्रातला माणूस आपल्याकडे, पाहणाऱ्याकडे, डोळे वर करून पाहत नाही. तो त्याच्या जागी उभा आणि आपण त्याला न्याहाळायला मोकळे.

मलिक अंबर मोगल दरबारात कधी गेला नाही. जहांगीरचे सगळे दुखणे तेच होते. तह झाले, १६१७ आणि १६२१मध्ये शाहजादा खुर्रमने त्याला मुलूख परत द्यायला लावला, पण अंबर स्वतः येऊन बादशहापुढे उभा राहिला नाही. ते काम हाशिमच्या कुंचल्याने केले. कागदावर अंबरला आणून रांगेत उभे केले. म्हणून मी म्हणतो की हे चित्र निव्वळ आदराचे नाही. त्याने जे अखेरपर्यंत टाळले, ते त्याच्याकडून या चित्रात करवून घेतले आहे. एका पानावर त्याला मारून हजर केले, दुसऱ्यावर उभे करून हजर केले. हजेरी दोन्हीकडे घेतलीच.

ही हजेरी घेताना चेहरा कुठून आणला असेल? चित्रशाळेत चरबा वापरत. पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ चेहऱ्याच्या रेघा उतरवून घ्यायच्या, रेघांवर बारीक भोके पाडायची, कोळशाची पूड फिरवून त्या नव्या कागदावर पाडायच्या. एका चेहऱ्याचा चरबा वर्षानुवर्षे अनेकांच्या हातात फिरे. तेव्हा एखादा चेहरा खरा आहे एवढ्यावरून चित्रकार माणसासमोर बसला होता असे ठरत नाही. पण अंबरचा चेहरा पाहिलेल्यांची साक्ष अगदीच नाही असेही नाही. १६१७ साली पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी त्याच्या छावणीत गेला होता. त्याने अंबरचे वर्णन लिहून ठेवले आहे. उंच, धिप्पाड बांधा. जुन्या रोमन पुतळ्यांची आठवण व्हावी असा कठोर चेहरा. डोळे मात्र त्याला शोभत नाहीत, असे तो म्हणतो. छावणीत शिस्त आहे आणि लोक त्याला मानतात, हेही त्याने नोंदवले. या व्यापाऱ्याला दख्खनच्या राजकारणात काही सिद्ध करायचे नव्हते, म्हणून त्याचे शब्द मला मोलाचे वाटतात. त्याचा कठोरपणा हाशिमच्या चित्रात आहे. म्हातारबाबांचे ‘भ्यालेला नाही’ तेच.

इथे चित्र स्वतःच्याच कामाविरुद्ध जाते असे मला वाटते. पवित्रा चाकराचा, चेहरा मात्र तो पवित्रा न मानणाऱ्याचा. हाशिमसारख्या चित्रकाराची अडचण अशी की चेहरा खरा काढल्याशिवाय बादशहाचे समाधान नाही, आणि चेहरा खरा काढला की तो वाकत नाही. बादशहाने मागितलेल्या खरेपणाची ही किंमत आहे. अबुल हसनला तोंडात बाण घुसवून ती अडचण टाळता आली.

आता या संग्रहाचा मालक. इतिहासाच्या पुस्तकांत जहांगीर आणि शाहजहान एका दमात येतात, म्हणून ही गोष्ट निसटते. शाहजहानला अंबर प्रत्यक्ष व्यवहारातून माहीत होता. शाहजादा असताना त्याने दोनदा अंबरविरुद्ध मोहीम काढली. आणि बापाविरुद्ध बंड करून हरल्यावर, बंगालकडून परत फिरलेला हाच शाहजादा दख्खनमध्ये अंबरच्या गोटात आला. दोघांच्या फौजा मिळून बुऱ्हाणपुराला वेढा घालून बसल्या. ज्याचे मुंडके बापाने चित्रात भाल्यावर लावले, त्याच्या आश्रयाला मुलगा आला! १६२६च्या मे महिन्यात अंबर वारला, पुढच्या वर्षी जहांगीर. मग शाहजहान गादीवर आला आणि १६३३ साली अंबरचा मुलगा फतेहखान याच्याकडून त्याने दौलताबाद घेतले. असा माणूस रात्री दिव्याजवळ हा संग्रह उघडतो. एका पानावर बापाचे स्वप्न आहे, एका पानावर त्याला ओळखीचा असलेला म्हातारा. कलेतिहासकार ‘शत्रूबद्दलचा आदर’ म्हणतात तेव्हा तो आदर कुणाचा, हे विचारायला हवे. जहांगीरचा तो नव्हे, असे मी म्हणतो. शाहजहानच्या मनात काय होते ते चित्रावरून वाचता येत नाही, पण ऋण, ओशाळलेपणा आणि विजय यांपैकी एकच भावना त्यात होती असे मानायला मी तयार नाही.

जहांगीरच्या पदरचाच इतिहासकार मुतमदखान याने अंबरच्या मृत्यूची नोंद करताना युद्ध, हुकमत आणि कारभार यांत त्याची बरोबरी करणारा कुणी नव्हता अशा आशयाचे लिहिले, हे प्रसिद्ध आहे. बरेच जण हाशिमचे चित्र आणि ही नोंद जोडून दाखवतात. पण नोंद मेलेल्या माणसाची आहे. मेलेल्या शत्रूचे गुण गाणे सगळ्याच दरबारांना परवडते. चित्र काढले तेव्हा अंबर जिवंत होता, आणि भातवडी अजून व्हायची होती.

शेवटी आपल्याकडच्या वापराबद्दल दोन शब्द. गेल्या काही वर्षांत अंबरबद्दलची उत्सुकता जगभर वाढली. आफ्रिकेतून आलेला गुलाम राज्यकर्ता होतो, ही कथा लोकांना हवी आहे, आणि त्यात काही वावगे नाही. मराठीत तो शहाजीराजांचा गुरू किंवा गनिमी काव्याचा जनक म्हणून येतो. प्रत्येकाला आपापल्या अंबरसाठी एक चेहरा लागतो. मग दख्खनी शैलीत कुठेही काळा माणूस दिसला की खाली मलिक अंबर असे नाव पडते. भाषणाच्या फलकावर, पुस्तकाच्या वेष्टनावर, दिनविशेषाच्या संदेशात मी त्याच्या नावाने वेगवेगळे चेहरे पाहिले आहेत. त्यातले काही त्याचे असतीलही. पण सतराव्या शतकातल्या अहमदनगर-विजापुरात शेकड्यांनी हबशी सरदार होते, प्रत्येकाला स्वतःचे नाव होते, आणि त्यांतला प्रत्येक काळा चेहरा अंबरच्या खात्यावर टाकणे म्हणजे बाकीच्यांना दुसऱ्यांदा निनावी करणे आहे. ज्या बाजारात माणसांना सुगंधी मालाची नावे देत, त्यापेक्षा आपण फार वेगळे वागत नाही. बरे, हाशिमचे खात्रीचे चित्र मात्र मराठी पुस्तकांत त्या मानाने कमी दिसते. त्यातला माणूस म्हातारा आणि जाड आहे, हातात समशेर उपसलेली नाही, घोडा उधळलेला नाही. वेष्टनाला तो चालत नसावा.

वारली चौकात माणूस म्हणजे दोन त्रिकोण आणि वर एक गोल. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, वय नाही, रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. त्या भिंतींवर कुणाची तसबीर काढता येत नाही आणि कुणाचे मुंडकेही भाल्यावर लावता येत नाही. आमच्या बाजूची माणसे अशा चित्रांत वाढलेली. म्हातारबाबा मध्यंतरी पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना डब्लिनच्या चित्राची प्रत दाखवली. हा तोच माणूस, असे सांगितले. त्यांनी मुंडक्याकडे पाहिले, जहांगीरकडे पाहिले, गोलाखालच्या बैलाकडे आणि माशाकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग विचारले, “आन हा मेला कसा?”

मी म्हटले, “म्हातारा होऊन, आपल्या मुलखात. खुलताबादला कबर आहे.”

“मग हे काय काढलंय?” असे म्हणून त्यांनी प्रत माझ्या हातात परत दिली.